एका वाक्याची किंमत: मायक्रोसॉफ्टच्या ध्येयवाक्याचा प्रकरण अभ्यास

२५ जून २०१५ रोजी मायक्रोसॉफ्टचे मुख्य कार्यकारी अधिकारी सत्या नाडेला यांनी सर्व कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या ई-मेलमध्ये कंपनीचे नवे ध्येयवाक्य मांडले. त्याचा आशय असा होता: पृथ्वीवरील प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक संस्थेला अधिक काही साध्य करण्याचे बळ देणे. चांगले व्हिजन स्टेटमेंट कसे असावे याची चर्चा निघाली की हे वाक्य हमखास पुढे केले जाते. मात्र याच कंपनीने २००२ साली, स्टीव्ह बाल्मर यांच्या कारकिर्दीत, एक वाक्य स्वीकारले होते: जगभरातील लोकांना आणि उद्योगांना आपल्या पूर्ण क्षमतेपर्यंत पोहोचता यावे यासाठी साहाय्य करणे. दोन्ही वाक्ये शेजारीशेजारी ठेवली तर अर्थाच्या दृष्टीने त्यांच्यात जेमतेम नखभर अंतर दिसते. असे असूनही २००२ चे वाक्य आज कोणाच्या लक्षात नाही आणि २०१५ चे कंपनीच्या २०२४ च्या वार्षिक अहवालातही जसेच्या तसे आहे. हा फरक शब्दांमुळे पडला नसेल तर कशामुळे पडला, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

कंपनी आपल्या वाक्याला ‘मिशन’ म्हणते आणि पाठ्यपुस्तके व्हिजन व मिशन यांची वेगवेगळी व्याख्या करतात. ती विभागणी येथे काटेकोरपणे पाळलेली नाही, कारण प्रत्यक्ष संस्थेत दोन्हींकडून अपेक्षा एकच असते: मतभेद झाले तर कोणत्या बाजूला झुकायचे हे त्या वाक्यातून कळावे.

पहिले वाक्य आणि त्याची मुदत

बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ साली कंपनी स्थापन केली तेव्हा त्यांच्यासमोर असलेला संगणक म्हणजे अल्टेअर ८८०० हा सुटे भाग जोडून तयार करायचा संच होता. त्याला ना कीबोर्ड होता ना पडदा. समोरच्या फळीवरची बटणे वरखाली करून त्याला आज्ञा द्यायच्या आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर वाचायचे, असा सगळा प्रकार होता. अशा काळात या दोघांनी ‘प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात एक संगणक’ असे उद्दिष्ट समोर ठेवले. कंपनीत ते सांगताना त्याला आणखी एक शेपूट जोडलेले असे, ते म्हणजे ‘आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचे’. बाहेर बोलताना हे शेपूट बहुधा गाळले जाई.

या वाक्याची ताकद कशात होती हे नीट पाहायला हवे. त्यात टेबल आहे, घर आहे, म्हणजे डोळ्यांसमोर उभे राहणारे चित्र आहे. ते पूर्ण झाले की नाही हे कोणालाही सांगता येते. शिवाय गाळलेल्या शेपटामुळे व्यवसायाची दिशाही ठरते: यंत्रे इतरांनी बनवावीत, ती जितकी स्वस्त आणि मुबलक होतील तितके उत्तम, आपण त्यांच्यावर चालणारे सॉफ्टवेअर विकावे. संगणक स्वतः न बनवता संगणक कंपन्यांना सॉफ्टवेअरचा परवाना देण्याचे पुढील काळातील धोरण या वाक्याशी पूर्ण सुसंगत आहे.

दोष एवढाच की ते वाक्य खरे ठरले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, निदान विकसित देशांत, संगणक बहुतेक टेबलांवर आणि पुष्कळशा घरांत पोहोचला होता. १९९२ साली कंपनीत रुजू झालेल्या नाडेला यांनी नंतर वारंवार सांगितले आहे की काळाच्या चौकटीत बसणारे लक्ष्य आणि टिकाऊ ध्येय यांची येथे गल्लत झाली होती. ही टीका अर्धीच मान्य करण्याजोगी आहे. दोन दशके एका संस्थेला वळण लावणारे वाक्य मुदत संपल्यामुळे वाईट ठरत नाही. चूक घडली ती मुदत संपली हे ओळखण्यास लागलेल्या विलंबात.

तेरा वर्षे आधीचे जुळे वाक्य

१९९९ मध्ये कंपनीने वाक्य बदलून कोणत्याही वेळी, कोणत्याही ठिकाणी आणि कोणत्याही उपकरणावर उत्तम सॉफ्टवेअरद्वारे लोकांना समर्थ करण्याची भाषा आणली आणि २००२ मध्ये वर उल्लेखलेले ‘पूर्ण क्षमते’चे वाक्य आले. दोन्ही वाक्यांत खटकण्यासारखे काही नाही, आणि त्यांची अडचण नेमकी तीच आहे.

एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड बाजारात आला. लोक त्यावर पत्रे, तक्ते आणि सादरीकरणे पाहू लागले. ऑफिस हा मायक्रोसॉफ्टचा सर्वाधिक वापरला जाणारा संच आयपॅडवर आणावा की नाही, असा प्रश्न उभा राहिला. २००२ च्या वाक्याला विचारले असते तर उत्तर स्पष्ट होते, कारण लोकांना पूर्ण क्षमतेने काम करू द्यायचे असेल तर ते ज्या यंत्रावर काम करतात तेथे पोहोचले पाहिजे. १९९९ च्या वाक्यात तर ‘कोणत्याही उपकरणावर’ असे शब्दच होते. प्रत्यक्षात पूर्ण ऑफिस आयपॅडवर येण्यास मार्च २०१४ उजाडला. दरम्यान कंपनीने २०१२ मध्ये स्वतःचा सरफेस हा टॅबलेट काढला होता आणि ऑफिस हे त्याच्या विक्रीचे एक प्रमुख आकर्षण होते. भिंतीवरचे वाक्य एक सांगत होते आणि विंडोजला आधी मान देण्याची अलिखित शिस्त दुसरे सांगत होती. अशा लढतीत अलिखित शिस्त जिंकते, कारण पगारवाढ, बढती आणि अंदाजपत्रक हे सारे तिच्या बाजूला असते.

‘उपकरणे आणि सेवा’

११ जुलै २०१३ रोजी बाल्मर यांनी संपूर्ण कंपनीची पुनर्रचना जाहीर केली. घरी, कामावर आणि प्रवासात लोकांना ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात त्यांसाठी उपकरणे आणि सेवा यांचे एक कुटुंब निर्माण करणे, असा त्या वेळच्या नव्या सूत्राचा आशय होता. ‘उपकरणे आणि सेवा’ हे त्याचे संक्षिप्त रूप लगेच रुळले.

निव्वळ परिणामाच्या कसोटीवर हे सूत्र २००२ च्या वाक्यापेक्षा कितीतरी प्रभावी होते, कारण त्याबरहुकूम पैसा हलला. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने नोकियाचा फोन व्यवसाय आणि त्यासोबत पेटंटचे परवाने मिळून ५.४४ अब्ज युरोंना घेण्याचा करार जाहीर केला आणि २५ एप्रिल २०१४ रोजी तो पूर्ण झाला. सुमारे २५ हजार कर्मचारी त्यासोबत आले. इशारा मात्र आधीच मिळालेला होता. पुनर्रचनेच्या घोषणेनंतर आठवडाभरातच सरफेस आरटी या टॅबलेटच्या न विकल्या गेलेल्या साठ्यापोटी कंपनीने ९० कोटी डॉलरची तूट हिशेबात दाखवली होती.

येथे ध्येयवाक्याचा मसुदा करणाऱ्यांनी थांबून पाहावे असे काही आहे. ‘उपकरणे आणि सेवा’ हे सूत्र आपण काय बनवू हे सांगते, ते कोणासाठी आणि त्याने त्यांच्यात काय फरक पडेल हे दुय्यम ठरवते. वस्तूचे नाव ध्येयात गेले की ती वस्तू चालली नाही तरी सोडवत नाही. फोन खपत नसतील तर त्यातून बाहेर पडणे हा साधा व्यावसायिक निर्णय राहत नाही, तो ध्येयापासून ढळण्याचा निर्णय ठरतो आणि त्यावर बोलण्याचे धाडस फारच थोडे लोक करतात. दिशा चुकलेल्या पण जोर असलेल्या वाक्याने निरुपद्रवी, निष्प्रभ वाक्यापेक्षा अधिक नुकसान केले, हे या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

आधी निर्णय, मग वाक्य

४ फेब्रुवारी २०१४ रोजी नाडेला कंपनीचे तिसरे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. नोकियाचा व्यवहार घेण्याच्या बाजूने आपण कौल दिला नव्हता, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. परंतु करार त्यांच्या पदग्रहणापूर्वीच झालेला होता. त्यांनी पहिल्या आठवड्यात नवे ध्येयवाक्य जाहीर केले नाही. त्यासाठी जवळजवळ सतरा महिने घेतले. या मधल्या काळात काय घडले याचा क्रम महत्त्वाचा आहे.

मार्च २०१४ च्या अखेरीस विंडोज अझूर या क्लाउड सेवेचे, म्हणजे इंटरनेटवरून संगणनक्षमता पुरवणाऱ्या सेवेचे, नाव बदलून मायक्रोसॉफ्ट अझूर करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. बाहेरच्या माणसाला हा पाटी रंगवण्याचा प्रकार वाटेल. आतल्या माणसाला मात्र त्यातून स्पष्ट निरोप मिळाला, कारण ज्या कंपनीत प्रत्येक नव्या गोष्टीच्या नावापुढे विंडोज लावण्याची रीत होती, तेथे सर्वांत महत्त्वाकांक्षी सेवेच्या नावातून तो शब्द काढला गेला होता. २७ मार्चला ऑफिस आयपॅडवर आले. ही तयारी बाल्मर यांच्या काळातच सुरू झालेली होती, त्यामुळे सारे श्रेय नव्या नेतृत्वाला देणे बरोबर नाही. तरी पदावर आल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात नाडेला यांनी प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर चालणारे आपले सॉफ्टवेअर मिरवावे, हे कर्मचाऱ्यांच्या नजरेतून सुटणारे नव्हते. पुढच्याच आठवड्यात नऊ इंचांपेक्षा लहान पडद्याच्या उपकरणांसाठी विंडोजचा परवाना मोफत करण्यात आला.

त्यानंतर १० जुलै २०१४ रोजी त्यांनी कर्मचाऱ्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. कंपनीला त्यात ‘मोबाइलला आणि क्लाउडला अग्रक्रम देणाऱ्या जगासाठी उत्पादकतेचे आणि व्यासपीठाचे काम करणारी कंपनी’ असे म्हटले होते, आणि ‘उपकरणे आणि सेवा’ हे वर्णन बदलाच्या सुरुवातीस उपयोगी पडले असले तरी आता पुढे जायला हवे, असे सौम्य शब्दांत सांगितले होते. पत्र पाल्हाळिक आहे आणि काही परिच्छेद निव्वळ व्यवस्थापकीय भाषेने फुगलेले आहेत. तरीही त्यातला एक भाग मोलाचा आहे. एक्सबॉक्स हा खेळांचा व्यवसाय कंपनीच्या गाभ्यात मोडतो का, असा प्रश्न तेव्हा काही विश्लेषक उघडपणे विचारत होते. नाडेला यांनी तो टाळला नाही. मोठ्या कंपनीला गाभा ठरवावाच लागतो, पण गाभ्याबाहेरच्या ज्या व्यवसायात खरा प्रभाव पाडता येतो तो विचारपूर्वक जपता येतो, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. एखादे ध्येय सांगताना त्यात काय बसत नाही हे नाव घेऊन सांगणे विरळाच घडते. पत्रानंतर आठवड्याभरात १८ हजारांपर्यंत कर्मचारीकपात जाहीर झाली. तिच्यातील सुमारे १२,५०० जागा नोकियाकडून आलेल्या व्यवसायातील होत्या.

म्हणजे जून २०१५ मध्ये वाक्य जाहीर झाले तेव्हा त्याचा अर्थ लावण्यासाठी कर्मचाऱ्यांना शब्दकोश उघडावा लागला नाही. वर्षभराच्या निर्णयांनी तो अर्थ आधीच लावून ठेवला होता.

हिशेबाच्या वहीत उतरलेले वाक्य

जून २०१५ च्या ई-मेलमध्ये ध्येयवाक्याखाली तीन महत्त्वाकांक्षा दिल्या होत्या: उत्पादकता आणि व्यवसायप्रक्रिया नव्याने घडवणे, बुद्धिमान क्लाउड उभारणे आणि संगणनाचा अनुभव अधिक व्यक्तिगत करणे. जेथे काम जमत नाही तेथे कठोर निर्णय घ्यावे लागतील, असेही त्यात म्हटले होते. ते निर्णय लगेच आले. काही दिवसांतच संकेतस्थळांवर दिसणाऱ्या जाहिरातींचा व्यवसाय एओएल या इंटरनेट कंपनीकडे आणि नकाशांसाठी प्रतिमा गोळा करण्याच्या कामाचा काही भाग उबरकडे गेला. ८ जुलै रोजी फोन व्यवसायाच्या मूल्यातून सुमारे ७.६ अब्ज डॉलर वजा करण्यात आले आणि आणखी ७,८०० जागा कमी करण्याचे जाहीर झाले. त्या तिमाहीत कंपनीला सुमारे ३.२ अब्ज डॉलरचा तोटा झाला. ध्येयवाक्य आणि त्याची किंमत यांच्यात दोन आठवड्यांचेही अंतर नव्हते.

परंतु माझ्या मते निर्णायक पाऊल त्याहून कमी चर्चिले गेलेले आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने आपले आर्थिक निकाल मांडण्याचे विभाग बदलले. तोवर निकाल ‘उपकरणे आणि ग्राहक’ आणि ‘व्यावसायिक’ अशा दोन मोठ्या गटांतील उपविभागांत दाखवले जात आणि त्यात फोनसाठी स्वतंत्र रकाना होता. नव्या मांडणीत तीनच विभाग उरले आणि त्यांची नावे ई-मेलमधील तीन महत्त्वाकांक्षांचीच होती. घरगुती ग्राहकांचे आणि कंपन्यांचे ऑफिस एका विभागात आले. स्वतःच्या जागेत बसवायच्या सर्व्हरचे सॉफ्टवेअर आणि अझूर क्लाउड दुसऱ्या विभागात एकत्र आले. विंडोज, सरफेस, एक्सबॉक्स, शोधसेवा आणि उरलेले फोन तिसऱ्यात गेले.

याचा रोजच्या कामावर काय परिणाम होतो ते पाहण्यासारखे आहे. एखादा मोठा ग्राहक सर्व्हरचा परवाना नूतनीकरण न करता क्लाउडवर जाऊ इच्छितो. जुन्या मांडणीत परवान्यांचा रकाना घटतो आणि दुसराच रकाना वाढतो, त्यामुळे ग्राहकाला थोपवून धरण्यात कोणाचा ना कोणाचा स्वार्थ असतो. नव्या मांडणीत घट आणि वाढ एकाच विभागात पडतात, म्हणून ग्राहकाला हवे तेथे नेणे हेच विभागप्रमुखाच्या हिताचे ठरते. गुंतवणूकदारांपुढे दर तिमाहीला हीच तीन नावे उच्चारावी लागत असल्याने वाक्य विसरण्याची सोयही उरली नाही. २००२ च्या वाक्याला हे भाग्य लाभले नव्हते. दोन जुळ्या वाक्यांच्या नशिबातला फरक मुख्यतः येथे आहे.

वाक्याची पारख

आता खुद्द वाक्याकडे वळता येईल. ‘प्रत्येक व्यक्ती आणि प्रत्येक संस्था’ ही जोडी सजावटीसाठी नाही. कंपनीने केवळ उद्योगांसाठी काम करावे आणि ग्राहक व्यवसाय विकून टाकावा असा दबाव असताना दोन्ही बाजूंचा हात न सोडण्याची भूमिका त्यातून घेतली गेली. दुसरे असे की साध्य करणारा कर्ता वापरकर्ता आहे, कंपनी नाही. १९७५ च्या वाक्यात केंद्रस्थानी यंत्र होते, २०१३ च्या सूत्रात कंपनीची उत्पादने होती, येथे समोरचा माणूस आहे. त्यामुळे विंडोजशी स्पर्धा करणाऱ्या लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीला कधीकाळी, २००१ मध्ये, कर्करोगाची उपमा देणाऱ्या बाल्मर यांच्याच कंपनीला मार्च २०१६ मध्ये एसक्यूएल सर्व्हर हा आपला डेटाबेस लिनक्सवर आणण्याची घोषणा करताना ध्येय बदलावे लागले नाही.

उणीवही स्पष्ट आहे. मसुद्याची एक जुनी परीक्षा अशी की वाक्यातील संस्थेचे नाव झाकून तेथे प्रतिस्पर्ध्याचे नाव घालावे. वाक्य तरीही खरे वाटले तर ते अजून कच्चे आहे. २०१५ चे वाक्य या परीक्षेत नापास होते. कोणतीही मोठी तंत्रज्ञान कंपनी, किंबहुना एखादी बँक किंवा विद्यापीठही ते आपले म्हणून मिरवू शकेल. म्हणून हे वाक्य नमुना समजून त्याच्या घाटाचे दुसरे वाक्य पाडणाऱ्या संस्थांच्या हाती काही लागत नाही. त्यांनी उचललेला भाग सर्वांत दुबळा असतो. निर्णयांचा आणि हिशेबाचा आधार मागेच राहतो.

मसुदा समितीने उलट दिशेने यावे हे अधिक फलदायी आहे. संस्थेत गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांवरून खरोखर रस्सीखेच झाली असे चार-पाच निर्णय काढावेत आणि प्रस्तावित वाक्य प्रत्येकावर लावून पाहावे. दोन्ही पक्ष त्याच वाक्याचा आधार घेऊन भांडू शकत असतील तर वाक्याला धार नाही. त्यानंतर हे वाक्य स्वीकारल्यास कोणते काम बंद करावे लागेल हे त्या कामाचे नाव घालून लिहावे. हा कागद प्रसिद्ध करायचा नसतो, पण तो कोरा राहिला तर प्रसिद्ध करायच्या कागदालाही अर्थ राहत नाही. आणि बऱ्याचदा समितीने बसूच नये असे उत्तरही निघू शकते. १९९३ साली आयबीएम ही संगणक कंपनी प्रचंड तोट्यात असताना सूत्रे हाती घेतलेले लुई गर्स्टनर यांनी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, या घडीला कंपनीला सर्वांत कमी गरज कशाची असेल तर ती व्हिजनची, असे सांगून टाकले होते. त्यांना आधी खर्च, किंमती आणि ग्राहक सावरायचे होते. नाडेला यांच्या सतरा महिन्यांच्या संयमाशी ही भूमिका वाटते तितकी विसंगत नाही.

या प्रकरणातून कार्यकारणभाव काढताना हात आखडता ठेवला पाहिजे. अझूर २०१० पासून आणि ऑफिस ३६५ हे २०११ पासून बाजारात होते. कर्मचाऱ्यांना सक्तीने उतरंडीत बसवणारी, आपसांत स्पर्धा लावणारी मूल्यमापन पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे बाल्मर पदावर असतानाच, रद्द झाली होती. पुढील वाढीचे पुष्कळसे बी आधीच पेरलेले होते आणि वाक्याने ते उगवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

थरांची विभागणी मात्र निर्विवादपणे कामी आली. सर्वांत वर ध्येयवाक्य होते आणि त्यात ना उत्पादन होते ना आकडा. त्याखाली ‘मोबाइल आणि क्लाउडला अग्रक्रम’ हे धोरणसूत्र होते, जे २०१७ च्या वार्षिक अहवालातून गाजावाजा न होता गेले आणि त्याच्या जागी बुद्धिमान क्लाउड व कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा आली. सर्वांत खाली मोजता येणारी लक्ष्ये होती. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने अशी दोन लक्ष्ये जाहीर केली: व्यावसायिक क्लाउडचे वार्षिक उत्पन्न २०१८ च्या आर्थिक वर्षात २० अब्ज डॉलरच्या गतीवर नेणे, आणि विंडोज १० दोन-तीन वर्षांत १ अब्ज उपकरणांवर पोहोचवणे. पहिले मुदतीआधीच, २०१७ मध्ये, गाठले गेले. दुसरे मुदतीत जमणार नाही हे कंपनीला जुलै २०१६ मध्येच मान्य करावे लागले आणि तो आकडा मार्च २०२० मध्ये पार झाला. हा आकडा ध्येयवाक्यात घातला असता तर वर्षभरातच ते वाक्य मागे घेण्याची वेळ आली असती. तो खालच्या थरात असल्यामुळे केवळ एक तारीख चुकली.